ब्रेकर, घागरे आणि दीपगृह

पुरंदरच्या सात गावांतली विमानतळासाठीची मोजणी, हरकती, ड्रोन आणि लाठ्या आपण वाचत आलो आहोत. विमानतळ हवा की अंजिराच्या बागा, या वादात मी आज शिरत नाही. पण ती बातमी आली की मला दरवेळी फ्रान्समधलं नोत्र-दाम-दे-लांद आठवतं. नांत शहराजवळची ही जमीन १९७४ साली विमानतळासाठी राखून ठेवली गेली आणि लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८च्या जानेवारीत सरकारने तो प्रकल्पच सोडून दिला. या लढ्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला सांगायचं आहे ते तिथे राहायला गेलेल्या एका कलावंताबद्दल.

जे जॉर्डन, पूर्वीचे जॉन जॉर्डन, मूळचे ब्रिटनचे. १९९६च्या जुलैत लंडनमधला एम-४१ हा महामार्ग हजारो लोकांनी अडवला आणि त्यावर नाचगाणं सुरू केलं. ज्या ‘रीक्लेम द स्ट्रीट्स’ गटाने हे घडवलं, त्यात जॉर्डन होते. गर्दीत उंच काठ्यांवर चालणाऱ्या कलाकारांनी अवाढव्य घेराचे घागरे घातले होते. पोलिसांना दिसत होते ते घागरे. त्यांच्या आत माणसं ब्रेकरने डांबर फोडत होती आणि फोडलेल्या जागी झाडं लावत होती. ब्रेकरचा आवाज संगीतात बुडून गेला. मला या एका प्रसंगात जॉर्डन यांची सगळी कला दिसते. झाडाचं चित्र काढून ते थांबले नाहीत. रस्त्याच्या जागी झाड उभं राहील, अशी युक्ती त्यांनी रचली.

पुढे इझाबेल फ्रेमो यांच्यासोबत त्यांनी ‘लॅबोरेटरी ऑफ इन्सरेक्शनरी इमॅजिनेशन’ चालवली, म्हणजे बंडखोर कल्पनाशक्तीची प्रयोगशाळा. २०१०मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने त्यांना कला आणि आंदोलन या विषयावर कार्यशाळा घ्यायला बोलावलं आणि सोबत ईमेल पाठवली, की आमच्या प्रायोजकांविरुद्ध काही करू नका. प्रायोजकांत बीपी ही तेल कंपनी होती. प्रयोगशाळेने ती ईमेल कार्यशाळेतल्या सगळ्यांसमोर पडद्यावर लावली आणि काय करायचं ते सहभागींनाच ठरवायला सांगितलं. त्यातूनच ‘लिबरेट टेट’ हा गट जन्मला. या गटाने बीपीच्या प्रायोजकत्वाविरुद्ध आवाज उठवला आणि २०१७मध्ये टेट आणि बीपीचं नातं संपलं.

२०१५च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी याच प्रयोगशाळेने ‘क्लायमेट गेम्स’ हा निषेधाचा खेळ मांडला. एक संकेतस्थळ, त्यावर नकाशा, नाव न सांगता उतरणारे संघ आणि शेवटी बक्षिसं. परिषदेच्या तोंडावर पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले, आणीबाणी आली, मोर्चांवर बंदी आली. पण या खेळाला मोर्चा लागतच नव्हता. जो तो आपल्या गावात, आपल्या संघात काहीतरी करत होता. डिजिटल रचनेचा यापेक्षा चांगला वापर माझ्या पाहण्यात नाही. तरी मला वाटतं, पडदा बंद केल्यावर हातात काय उरतं, हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच. त्याचं उत्तर जॉर्डन आणि फ्रेमो यांनी स्वतःचं बिऱ्हाड हलवून दिलं. विद्यापीठातल्या नोकऱ्या त्यांनी आधीच सोडल्या होत्या. आधी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एका सामुदायिक वस्तीत आणि मग नोत्र-दाम-दे-लांदला ते राहायला गेले.

तिथली गंमत अशी, की आरक्षणामुळेच ती जमीन वाचली. आजूबाजूला शेतांचं एकत्रीकरण होऊन बांध सपाट झाले. इथे मात्र बांधांवरची दाट झाडी, पाणथळ कुरणं आणि न्यूटसारखे उभयचर टिकले. आरक्षणाच्या फ्रेंच संज्ञेची आद्याक्षरं होती झेड-ए-डी. तिथे वस्ती करून राहिलेल्या आंदोलकांनी अक्षरं तीच ठेवून अर्थ बदलला : ‘राखायचा प्रदेश’. तिथे शेती होती, गुरं होती, भट्टीतला पाव होता. आठवड्याच्या बाजारात ज्याला जेवढे परवडतील तेवढे पैसे देऊन तो पाव घेता येई. २०१६च्या ऑक्टोबरात हजारो लोक हातात काठ्या घेऊन आले आणि त्यांनी त्या जमिनीत रोवल्या. गरज पडली तर या काठ्या उपसायला परत येऊ, अशी ती शपथ होती.

प्रकल्प रद्द झाल्यावरही एप्रिल २०१८मध्ये सुमारे अडीच हजार पोलीस बुलडोझर घेऊन आले. मग वस्तीत फूट पडली. सरकारी अर्ज भरून जमिनी कायदेशीर करून घ्यायच्या, की एकाही कागदावर सही करायची नाही? काहींनी अर्जाला शरणागती म्हटलं आणि ते निघून गेले. जॉर्डन अर्ज भरणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारला एकेकाचा वेगळा अर्ज हवा होता. यांनी सुमारे ४० अर्ज असे एकमेकांत गुंतवले की एक उपटला तर सगळे हलावेत. सोडून गेलेल्यांचं दुःख मला कळतं. पण मला हा निर्णय बरोबर वाटतो. पाव भाजायचा तर पुढच्या वर्षीचा गहू पेरावा लागतो आणि त्यासाठी शेत हातात राहावं लागतं.

ज्या ठिकाणी विमानतळाचा नियंत्रण मनोरा व्हायचा होता, तिथे या लोकांनी विजेच्या जुन्या खांबाचं लोखंड वापरून दीपगृह बांधलं. समुद्र तिथून कितीतरी लांब आहे. त्याच्या पायथ्याशी, ला रोलांदियेरच्या घरात, त्यांचं वाचनालय आहे.