करारातले नाव

हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा मुळशीतल्या माणपर्यंत पोहोचला आणि शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. तिथे तीन-चार विद्यार्थी मिळून फ्लॅट घेतात. भाडे सगळे वाटून देतात. करार मात्र अनेकदा एकाच्याच नावावर होतो.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. पण ज्याचे नाव करारातच नाही, त्याने अनामत रक्कम कोणत्या आधारावर मागायची? सामान हलवण्याआधी सगळ्यांची नावे करारात घालून घ्यावीत, ती यासाठीच.