माथ्यावरचं रान, पायथ्याचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपली ओळख सांगताना पुष्कळदा तालुक्याच्या आधी घाट सांगतो. कोणी घाटावरचा, कोणी घाटाखालचा. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा हे घाटाखालचं गाव. दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग, उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्याचा काळाभोर सपाट मुलूख आणि गावाला लागून ज्ञानगंगा नदी. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे; पिंपळगाव त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. अंतर फार नाही, पण माती बदलते, पीक बदलतं, पाण्याचं गणितच बदलतं.

ही डोंगररांग म्हणजे दोन मोठ्या खोऱ्यांमधली पाणलोटरेषा. बुलढाणा तालुक्यात मढजवळ उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे निघते आणि वर्धा-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच माथ्यावरून नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा उत्तरेला उतरतात, पूर्णेत आणि पुढे तापीत जातात. त्यांचं पाणी अरबी समुद्राचं. वर्षाकाठी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो माथ्यावर टिकत नाही. श्रावणात नाला दुथडी भरून वाहिलेला असतो आणि होळीनंतर त्याच गावच्या विहिरीत पोहरा तळाला लागतो.

घाटमाथ्यावरच्या लहान गावांची जमीन बहुतेक मुरमाड, बरड. वीतभर मातीखाली काळा पाषाण. पूर्वी इथे ज्वारी, तूर, मूग, उडीद असं मिसळीचं पीक असे. घरात कळण्याची भाकर आणि ठेचा, गोठ्यात कडबा. गेल्या तीनेक दशकांत सोयाबीनने हे सगळं मागे सारलं. १९९४ साली आलेलं जेएस-३३५ हे वाण शंभर दिवसांच्या आत-बाहेर तयार होतं, दिवाळीच्या तोंडाशी हाती पैसा येतो आणि रब्बीत हरभऱ्याला रान मोकळं होतं. कोरडवाहू शेतकऱ्याने त्याला जवळ केलं यात नवल नाही.

पण सोंगणीचे ते आठ-पंधरा दिवस पाहावेत. पानं झडून गेलेली, शेंगा वाळून खडखडणाऱ्या. दुपारच्या उन्हात शेंग तडकते आणि दाणे मातीत सांडतात, म्हणून सोंगणारे पहाटेच विळे घेऊन रानात उतरतात. कापलेल्या पेंड्यांची सुडी रचायची, वर ताडपत्री ओढायची, कडांना दगड ठेवायचे आणि मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत आभाळाकडे बघत राहायचं. परतीच्या पावसाचं पाणी सुडीत शिरलं तर आतून वाफ येते, दाणा काळा पडतो, शेंगेतच मोड फुटतो. बाजारात ओलाव्याच्या नावाने कपात होते ती वेगळीच. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता. त्या दिवाळीत बाजार त्याच्या बराच खाली होता.

हाच दाणा हजारो मैलांवर, जावा बेटाच्या डोंगराळ गावांत, रोजच्या ताटात असतो. तिथे सोयाबीन उकडून बुरशीच्या विरजणाने आंबवतात. त्याच्या घट्ट वड्या पडतात. त्यांना टेंपे म्हणतात. सकाळी तळून, दुपारी रश्श्यात, गरिबाचं प्रथिन म्हणजे टेंपे. पण इंडोनेशियाला लागणारं बहुतेक सोयाबीन परदेशातून येतं. आणि आपल्याकडे, घाटावरच्या ज्या घराने ते पिकवलं, त्या घरच्या चुलीवर ते क्वचितच चढतं. तेल गिरणीत निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. उडीद-मुगाची जागा घेणाऱ्या पिकाने ताटातलं उडीद-मूग मात्र भरून काढलं नाही, ही गोष्ट सोयाबीनच्या हिशोबात फारशी कोणी धरत नाही.

माथ्यावरची अडचणही तिथे ओळखीचीच. मध्य जावातलं डिएंगचं पठार सुमारे दोन हजार मीटरवर. सातव्या-आठव्या शतकांतली शिवमंदिरं तिथे अजून उभी आहेत आणि लोक त्यांना अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावं देतात. ज्वालामुखीची माती, भरपूर पाऊस; तरी तिथला शेतकरीही अडचणीत आहे. बटाट्याला पैसा चांगला मिळतो म्हणून उतारावरचं जंगल तोडून बटाटा लावला गेला. ओलाव्याने कंद कुजू नयेत म्हणून सऱ्या उताराच्या दिशेने सरळ खाली काढल्या. पाणी निघून गेलं, सोबत मातीही गेली. ती सेरायू नदीत उतरली आणि खालचं म्रिचा धरण गाळाने भरत गेलं.

बुलढाण्याच्या घाटात अजून जंगल आहे, हे आपलं मोठं भाग्य. १९९७ साली जाहीर झालेलं ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. खामगाव-बुलढाणा रस्ता बोथ्याजवळ त्यातूनच चढतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात इथे पोहोचला. नऊ महिन्यांत तो सुमारे तीन हजार किलोमीटर चालला. त्याचं नाव ‘वॉकर’ पडलं. २०२१ मध्ये तो पश्चिमेला गौताळा-औट्रम घाटात आढळला. वाघाची बातमी देशभर गेली. रानाच्या कडेला रात्ररात्र जागलीवर बसून रोही आणि रानडुकरं हाकणाऱ्या शेतकऱ्याची बातमी मात्र झाली नाही. हे जंगल पाऊस धरून ठेवतं म्हणून ज्ञानगंगा वाहते; त्या जंगलाची रोजची किंमत काठावरचं गाव मोजतं. त्याला भरपाई वेळेवर मिळणं हा पायथ्याच्या गावांच्याही पाण्याचा प्रश्न आहे.

पायथ्याशी जलसंधारणाची कामं झाली. महामार्गासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाल्यांतून घेऊन ते खोल करायचे, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ राज्याबाहेरही गाजला. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जलाशयांतला गाळ शेतात पडू लागला. चांगलीच कामं. पण धरणातला तो गाळ म्हणजे वरच्या कुणाच्या तरी शेताची वीतभर माती. पाणलोटवाले ‘माथा ते पायथा’ म्हणतात त्याचं कारण हेच: आधी माथ्यावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, मग नालाबांध. प्रत्यक्षात यंत्रं पोहोचतात तिथे काम आधी होतं, आणि यंत्रं पायथ्याशी सहज पोहोचतात.

माथ्यावरची अडचण यंत्राने सुटण्यासारखी नाहीही. भावाभावांत वाटणी होताना प्रत्येकाला वरची हलकी आणि खालची भारी जमीन सारखी मिळावी म्हणून शेतं उताराच्या दिशेने चिरली गेली. पिढ्यान् पिढ्या पट्टे अरुंद आणि लांब होत गेले. बैलांची तिफण आडवी फिरवता येई. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला एवढ्याशा रुंदीत वळायला जागा नाही, डिझेल आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. म्हणून काकरं वरून खाली पडतात आणि मृगाच्या पहिल्या दणक्याला तीच पाण्याची वाट होते. उताराला आडवं पेरायचं तर तीन-चार शेजाऱ्यांनी धुऱ्यावरून यंत्र जाऊ द्यायला हवं, एका दिवशी पेरायला हवं आणि धुऱ्याचे जुने तंटे निदान तेवढ्यापुरते बाजूला ठेवायला हवेत. सरकारी अंदाजपत्रकात या कामासाठी रकाना नसतो; ते ग्रामसभेत, मृगाच्या आधी, माणसं समोरासमोर बसवूनच ठरवावं लागतं.