जलसा, कलापथक आणि चाळीचा चौक

संस्थेने गाण्याबजावण्यावर पैसा का खर्च करावा, हा प्रश्न सभासदांच्या बैठकीत हमखास निघतो. शिष्यवृत्ती द्या, वह्या द्या, ढोलकी कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडा मागचा जमाखर्च पाहू.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी नाशिक भागात आंबेडकरी जलसे उभे केले. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा बाज लोकांच्या ओळखीचा होता. त्यांनी बाज ठेवला आणि आतला विषय बदलला. शिक्षण घ्या, दारू सोडा, मृत मांस सोडा, हे भाषणातून सांगितले तर माणूस जांभई देतो. तेच बतावणीत ऐकून हसतो आणि घरी जाऊन विचार करतो. गाणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले होते, हे विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

मुंबईच्या गिरणगावात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊंनी स्वतः गिरणीत काम केलेले. चळवळीने मंच दिला, शाहिरांनी आवाज दिला आणि चाळींनी विषय पुरवले. बावट्याविषयी आपल्या वडीलधाऱ्यांचे मतभेद होते, आणि ते उगाच नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा मुद्दा पुढे रेटावा लागला. कामगारांच्या एकीतही कोणाचे दुःख आधी गायचे, हा प्रश्न होताच.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कोणी विरारला गेले, कोणी डोंबिवलीला, कोणी कायमचे गावी. ऐकणाराच पांगला, तिथे शाहिराने डफ कोणासमोर धरायचा? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली गिरणी कामगाराच्या घराची पडझड रंगभूमीवर आणली. नाटक अस्सल, पण चाळीचा चौक वेगळा आणि तिकिटाचे नाट्यगृह वेगळे.

आम्ही बँकेतली माणसे. संयुक्त खात्यावर दोघांच्या सह्या लागत असतील, तर एकट्याला पैसे काढता येत नाहीत. कलेच्या भागीदारीतही वस्तीची सही हवी. देणगीदाराने ऑर्केस्ट्रा ठरवायचा, आपण खुर्च्या मांडायच्या, ही भागीदारी नव्हे. यंदा त्या खर्चातला थोडा भाग मुलांच्या कलापथकाला द्यावा, असा आमचा आग्रह आहे. वस्तीतल्या निवृत्त गिरणी कामगारांकडे बसून मुलांनी त्यांच्या हकिकती लिहून घ्याव्यात आणि त्यांतूनच प्रवेश बसवावा. पाळीचा भोंगा ऐकून घराबाहेर पडलेली ती माणसे आता थकली आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.