कुर्ल्याची फिएट, शोलावरमची शर्यत

मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी थांबायचं, हा आमच्या घरचा नेम होता. घाट चढून आलेली कुठलीही गाडी त्या काळी तापलेलीच असे. रस्त्याच्या कडेला बोनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागलेली दिसायची. वडील देवाला नाणं वाहत, मग बोनेट उघडून मला एकेक भाग दाखवत: हा कार्ब्युरेटर, हा डिस्ट्रिब्युटर, हा फॅनबेल्ट. मी आठ वर्षांचा असेन. गाड्यांचं वेड लागलं ते तिथेच.

आमची गाडी कुर्ल्याची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फिएट बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या फिएटला लोकांनी नाकावरून ‘डुक्कर फिएट’ हे नाव दिलं. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. १९६४ च्या सुमारास डिलाइट आली, आणि तीच सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, तेही स्टीअरिंगच्या दांड्यावर. पहिला कुठे आणि तिसरा कुठे, हे डाव्या हाताला डोळे मिटूनही कळत असे. ती मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबत. त्या टंचाईचं मला कौतुक नाही. पण त्याच टंचाईतून आपली मोटर शर्यत घडली.

कॉलेजात असताना मी मद्रासची गाडी पकडून शोलावरमला गेलो. दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी, उखडलेलं काँक्रीट, कोपऱ्यांवर पेंढ्याचे भारे, डोक्यावर ऊन. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या त्या शर्यतींत कुणी राजघराण्यातलं परदेशी यंत्र घेऊन येई, विजय मल्ल्या तर एन्साइनची फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरले होते. पण माझा जीव अडकला तो फिएट आणि स्टँडर्ड हेराल्ड या साध्या गाड्यांमध्ये. आयात जवळजवळ बंद, मग हाताशी आहे त्यातूनच वेग काढायचा. हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवायचं, दोन कार्ब्युरेटर बसवायचे, मागची सीट आणि बंपर काढून वजन उतरवायचं. माझ्या वडिलांकडे होती तसलीच गाडी वळणावर आतलं चाक उचलून माझ्यासमोरून गेली, तेव्हा अंगावर काटा आला होता.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या खटपटीतून हिमालयन रॅली सुरू झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि रस्त्यांचा चेहराच पालटला. पण मारुतीचा खरा उपयोग ओळखला तो कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी. तेच छोटं ७९६ सीसीचं इंजिन त्यांनी एका सीटच्या उघड्या चाकांच्या गाडीत बसवलं. ही फॉर्म्युला मारुती. घरोघरच्या गाडीचं इंजिन, त्यामुळे परवडणारी, दुरुस्त करता येणारी. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. पण नारायण कार्तिकेयन याच फॉर्म्युला मारुतीतून पुढे आला, आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाच्या गाडीत बसून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. आपल्या मोटर शर्यतीचा एकच पुतळा उभारायचा झाला, तर मी करिवर्धन यांचा उभारीन.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन ग्रां प्री झाल्या. तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. करांच्या वादात ती शर्यत गेली, असं सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण ती जाताना आपल्याला दुखलं किती? मैदानातल्या गाडीत आणि घरच्या गाडीत काहीच नातं उरलं नव्हतं. शोलावरमला लोक घरी परतले की आपल्या गाडीचं बोनेट उघडून बघत.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, तिच्यापुढे मी आजही आदराने उभा राहतो. संस्थानिकांच्या गाड्या जपल्या गेल्या, हे चांगलंच झालं. पण ज्या गाडीतून लाखो माणसं लग्नाला, बाळंतपणाला, स्टेशनावर गेली, तिचं काय? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. एक तरी गाडी जतन करा, अशी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणी होती. ती मागणी माझीही आहे. आणि ती काचेत नको, चालती हवी.

माझ्या पद्मिनीचे टॅपेट कुर्ल्यातले एक म्हातारे मिस्त्री नुसत्या कानाने जुळवतात. त्यांच्या हाताखाली आता पोरगा नाही. गेल्या महिन्यात मी टॅपेटची फट मोजायचा फीलर गेज विकत घेतला आणि त्यांच्याशेजारी बोनेटमध्ये वाकलो. पहिल्या दोन सिलिंडरचे मी लावलेले टॅपेट त्यांनी पुन्हा सैल केले. तिसऱ्याचे तसेच ठेवले.