फायनान्समध्ये पीएच.डी. : त्याचे करायचे काय?

सौदीतल्या मराठी घरांत मुलांच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा इंजिनिअरिंग आणि मेडिकल यांपलीकडे फारशी जात नाही. आकडेमोडीची आवड असेल तर सी.ए. किंवा एम.बी.ए. पण फायनान्समध्ये पीएच.डी. म्हटले की लगेच प्रश्न येतो, "त्याचे करायचे काय?" मी जुबैलला बारा वर्षे हिशेबखात्यात काढली आणि आता याच विषयात पीएच.डी. करतो आहे. शुक्रवारच्या बैठकीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर उत्तर.

कंपनी पैसा कोठून उभा करते आणि तो कशात घालते, हा कॉर्पोरेट फायनान्सचा गाभा. मोदिग्लियानी आणि मिलर यांनी १९५८ साली दाखवले की कर, दिवाळखोरीचा खर्च, माहितीतली तफावत अशा अडचणी नसतील, तर पैसा कर्जातून आला की भागभांडवलातून, याने कंपनीचे मूल्य बदलत नाही. पुढचे बरेचसे संशोधन म्हणजे या अडचणी प्रत्यक्षात किती जाचतात याचा शोध. नव्या शोधांवर पैसा लावताना त्या फारच जाचतात.

कारण सोपे आहे. बँकेला जमीन, यंत्रे तारण चालतात. तीन वर्षे चालून फसलेला प्रयोग तारण चालत नाही. शिवाय केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये म्हटल्याप्रमाणे कल्पना विकायची तर ती आधी सांगावी लागते, आणि सांगितली की ती गिऱ्हाइकाला फुकटच मिळते. म्हणून संशोधनाचा पैसा बहुधा कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातून येतो. गुस्तावो मान्सो यांनी २०११ मध्ये मांडले की शोध हवे असतील तर सुरुवातीचे अपयश सोसायचे आणि दीर्घकाळाच्या यशाला बक्षीस द्यायचे.

माझा प्रश्न मात्र ऑफिसच्या टेबलावरच सुचला. सौदी शेअरबाजारातल्या कंपन्या २०१७ पासून आंतरराष्ट्रीय हिशेब मानके पाळू लागल्या. त्यांतले ३८ वे मानक सांगते की संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा करायचा. विकासाचा खर्च मात्र ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर मालमत्ता म्हणून दाखवायचा. मग यंदाचा नफा बरा दिसावा म्हणून पहिली कात्री संशोधनालाच लागते का? हे तपासायचे तर हिशेबही कळायला हवा आणि संख्याशास्त्रही.

अशा प्रश्नांना हा देश चांगला आहे. तेलाबरोबर निघून जळून जाणारा वायू वापरात आणायला १९७६ मध्ये साबिक स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे ७० टक्के भाग अरामकोने ६,९१० कोटी डॉलरना घेतले. २०१५ पासून परदेशी संस्थांना येथील शेअरबाजार खुला झाला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के रक्कम २०४० पर्यंत संशोधनावर खर्च करण्याचे उद्दिष्टही जाहीर झाले आहे.

आता वाटेविषयी. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत या पीएच.डी.ला सहसा फी माफ असते आणि विद्यावेतन मिळते, आधी एम.बी.ए. लागतेच असे नाही. पण कॅल्क्युलस, रेखीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की हवी. पहिली दोन वर्षे अभ्यासक्रमांतच जातात, एकूण पाच-सहा वर्षे लागतात. भारतात आय.आय.एम. अहमदाबाद आणि कलकत्ता येथे १९७१ पासून हा मार्ग आहे. थुवलच्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात (२००९) शिष्यवृत्ती पूर्ण मिळते, मात्र तेथे भर विज्ञान-इंजिनिअरिंगवर आहे.

खर्च खरा आहे तो बुडालेल्या पगाराचा. इथे २०१७ च्या जुलैत आश्रितामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि २०२० पर्यंत ते ४०० वर गेले. तेव्हापासून अनेक घरांचे गणित बदलले. संसार असलेल्याने निदान दोन वर्षांची शिल्लक बाजूला ठेवूनच उडी घ्यावी.

शेवटी, "करायचे काय?" विद्यापीठात शिकवता येते, मध्यवर्ती बँका आणि गुंतवणूक संस्थांतही अशी माणसे लागतात. पण निव्वळ पगारवाढीसाठी ही वाट धरू नये, त्याला सी.ए. पुरते. एखादा प्रश्न पाच वर्षे मानेवर बसला तरी चालेल, असे ज्याला वाटते, त्याने मात्र जरूर विचार करावा. आणि मुलाने तो विचार बोलून दाखवला, तर आईवडिलांनी एकदा शांतपणे ऐकून घ्यावे.