बोटभर पुतळ्यावर मशालीचा उजेड

टेबलावरच्या युद्धखेळांतले सैनिक बहुतेकदा जेमतेम 28 ते 32 मिलिमीटर उंचीचे असतात. त्यांच्या हातातली मशाल पेटल्यासारखी दिसावी म्हणून चकाकणारा रंग लागत नाही. लागतात ते पातळ, पारदर्शक रंगाचे थर, म्हणजेच ग्लेझ.

आधी उजेड कुठवर पोचेल ते ठरवा. ज्योतीकडे वळलेले भागच उजळतात: गालाचं हाड, नाकाची एक बाजू, बोटांची पेरं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून छातीवर झळाळी असली तरी बुटांवर ती जवळपास नसावी. बाकीचा पुतळा गडदच ठेवा. उजेड खुलतो तो या काळोखामुळे.

उजळणाऱ्या जागी पांढऱ्याचा हात द्या, कडेला विरळ करत. ग्लेझमधून आत गेलेला प्रकाश या पांढऱ्यावरून परततो आणि रंग आतून पेटल्यासारखा वाटतो. ॲक्रिलिक रंगाच्या एका थेंबात ग्लेझ मीडियमचे चार-पाच थेंब मिसळा. ब्रश टिश्यूवर टिपून घ्या, नाहीतर रंग खोबणीत साचतो. फटकारा जिथे संपतो तिथे रंग जास्त उतरतो, म्हणून पिवळ्याचा फटकारा ज्योतीकडे संपवा, तांबड्याचा बाहेरच्या कडेकडे. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.

कापडाचा मूळ रंगही विसरू नका. नारिंगी उजेडात निळा झगा नारिंगी होत नाही, मळकट तपकिरी दिसतो. आणि सर्वांत उजळ जागा ज्योतीचीच राहू द्या.