सणातील उदासी

दिवाळी हा आनंदाचा सण खरा. परंतु आनंदी दिसण्याची सक्ती होऊ लागली की तोच सण मनाला जाचू लागतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, जिथला मुलगा परदेशी आहे, जिथे बोनसची रक्कम वाण्याची उधारी फेडण्यातच संपते, तिथे शेजारचा आकाशकंदील उणीवच अधिक दाखवितो. त्यात गृहिणीचे आठ दिवस शेगडीपुढे जातात आणि ऐन पाडव्याला ती थकून गेलेली असते.

आपल्या रूढींना हे ठाऊक नव्हते असे नाही. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करीत नाहीत. आप्त व शेजारी तो नेऊन देतात. शोकाकुल माणसाला हसण्याचा आग्रह करावयाचा नाही आणि एकटेही टाकावयाचे नाही, हे या प्रथेचे मर्म. अन्य दुःखांनाही हीच रीत लागू करावयास हवी. ऐपतीबाहेरची खरेदी टाळावी, फराळ सर्वांनी मिळून करावा, झोप मोडू नये, भाऊबीजेला एकाकी माणसाकडे तासभर जाऊन बसावे. यात सणाचे काहीच उणे होत नाही.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक उडाली, तर मात्र उपदेश पुरे. वैद्यकीय सल्लाच घ्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. तापासाठी डॉक्टरांकडे जाताना संकोच वाटत नाही. तसा तो येथेही वाटू नये.